चौकशीकाका आणि सीलबंद लिफ्ट

काकांना 'चौकशीकाका' हे नाव कुणी ठेवलं, याचीही त्यांनी एकदा रीतसर चौकशी केली होती. ती अजून पूर्ण झालेली नाही. तसा माणूस वाईट नाही हो, अजिबात नाही. पण विश्वास नावाची गोष्ट देवाने वाटली तेव्हा हे बहुधा रांगेत पुढचा माणूस मध्येच घुसला की काय, ते बघत उभे होते. दूधवाल्याने बेल एकदाच वाजवली तर "आज एकदाच का?" आणि दोनदा वाजवली तर "आज दोनदा का?" एखाद्याने जिन्यात हसून "काय काका, बरंय ना?" असं विचारलं, तर हे घरी येऊन काकूंना सांगणार, "आज तो हसला. काहीतरी मागणार आहे."

अशा माणसाला इमारतीचा सेक्रेटरी करायला नको होतं. पण दुसरं कुणी तयार नव्हतं, आणि काकांना संशय होता की दुसरं कुणी झालं तर काहीतरी घोळ करील.

तर झालं असं. काका बाजारातून आले, लिफ्टमध्ये शिरले, पिशवी खाली ठेवली आणि जाळीचं दार ओढायला वळले. त्यांच्या काखेत छत्री होती. आभाळ निरभ्र होतं, पण काकांचा आभाळावरही विश्वास नव्हता. वर कुणीतरी बटण दाबलं आणि जाळी उघडी असतानाच लिफ्ट निघाली! काका ओरडले, मागे सरले, स्वतः वाचले. छत्रीचं टोक मात्र बाहेर राहिलं. चौथ्या मजल्यावर काका उतरले तेव्हा त्यांच्या हातात छत्री नव्हती, काळ्या कापडाचं प्रश्नचिन्ह होतं.

"अगंबाई!" काकू म्हणाल्या. "लागलं का कुठे?"

"मला नाही. छत्रीला," काका म्हणाले. "जाळी पूर्ण लागल्याशिवाय लिफ्ट जागची हलता कामा नये, असा कायदा आहे. मग हलली कशी? हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी केलंय."

आतल्या खोलीत अप्पा, म्हणजे काकांचे वडील, डोक्यावर टोपी चढवत होते. अप्पांचे गुडघे केव्हाच संपावर गेलेले. जिना म्हणजे त्यांना डोंगर. पण दुपार झाली की लिफ्टने तळमजल्यावर जायचं आणि मास्तरांशी बुद्धिबळ खेळायचं, हा त्यांचा नेम. मास्तरांना दम्याचा त्रास, लिफ्टच्या डब्यात त्यांचा जीव घुसमटायचा, त्यामुळे त्यांनी वर येण्याचा प्रश्नच नव्हता. त्या दोघांमध्ये लिफ्ट होती म्हणून मैत्री होती, नाहीतर दोघेही आपापल्या खिडकीत बसून रस्ता बघत राहिले असते.

"अप्पा, आज खाली जाऊ नका," काका म्हणाले. "लिफ्टमध्ये काहीतरी काळंबेरं आहे."

"तुझ्या छत्रीत असेल," अप्पा म्हणाले आणि निघाले. जाताना जाळी मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने घट्ट ओढून घेतली.

काका काही गप्प बसणारे नव्हेत. लिफ्ट तपासणीच्या सरकारी कचेरीत ते स्वतः गेले. तिथल्या पहिल्या खिडकीने त्यांना दुसरीकडे पाठवलं, दुसरीने विचारलं की अपघात झाला आहे की व्हायचा आहे. काका म्हणाले, छत्रीचा झाला आहे, माणसाचा व्हायचा आहे. खिडकीतला कारकून म्हणाला, "मग माणसाचा होईपर्यंत थांबायला नको, हे बरोबरच आहे," आणि त्याने तक्रार लगेच घेतली. आता खरं तर इथे कुणालाही आनंद झाला असता. काका मात्र घरापर्यंत विचार करत आले की इतक्या लवकर घेतली म्हणजे नक्की काय भानगड असेल.

काहीच दिवसांत निरीक्षक बाई हजर झाल्या. हातात टॉर्च, पायात जाड बूट, तोंडावर एक रेष हललेली नाही. काकूंनी चहा पुढे केला.

"नको, धन्यवाद," बाई म्हणाल्या.

"निदान पाणी?"

"मी आणलंय."

काकांनी काकूंना बाजूला घेतलं. "बघितलंस? चहा नाही, पाणी नाही. म्हणजे मोठं काहीतरी घ्यायचा विचार दिसतोय."

"अहो, काम करायला आल्यात त्या."

"तेच तर! सरकारी माणूस आल्या आल्या काम करतो, हे तुला चमत्कारिक वाटत नाही?"

बाई लिफ्टच्या माथ्यावर चढल्या, खड्ड्यात उतरल्या, दोर तपासले, ब्रेक तपासला. सगळं ठीक होतं. मग त्यांनी जाळीच्या वरच्या कोपऱ्यात टॉर्च मारला. तिथे एक खटका असतो. जाळी पूर्ण लागली की तो दाबला जातो आणि मगच लिफ्ट चालते. या लिफ्टमध्ये तो खटका कुणीतरी कापडाच्या पट्टीने दाबून, गाठ मारून, कायमचा बांधून टाकला होता. लिफ्टला वाटावं की जाळी लागलेलीच आहे. मग ती उघडी असो, अर्धी असो, की तिच्यात कुणाचा हात असो.

"हात गेला असता एखाद्याचा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण जिन्यात जमलेली मंडळी एक पायरी मागे सरली. "हे कुणी बांधलं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बाईंनी पट्टी सोडवून पाकिटात घातली, लिफ्टला सील ठोकलं आणि लिफ्टवाल्याला बोलावणं पाठवलं. हा लिफ्टवाला दर महिन्याला तेलाची डबी घेऊन यायचा, कुठेतरी दोन थेंब सोडायचा आणि "साहेब, एकदम लोणी" असं म्हणून जायचा. बाईंनी त्याला सरळ सांगितलं, की खटका दुरुस्त करून ठेव, पुढच्या आठवड्यात मी परत येईन, आणि ही गाठ तुझी आहे असं ठरलं तर तुझा परवाना रद्द होईल.

लिफ्टवाल्याचा चेहरा पांढरा पडला. "मॅडम, देवाशप्पथ, मी नाही बांधली. माझं घर चालतं हो यावर."

"शपथ घेतोय," काका काकूंच्या कानात पुटपुटले. "म्हणजे हाच."

झालं! लिफ्ट बंद, आणि इमारतीचा राग काकांवर. लोकांचा न्याय बघा तुम्ही. खटका ज्याने बांधला तो राहिला बाजूला, ज्याने सांगितलं तो गुन्हेगार. उघड भांडायला कुणी आलं नाही. पण काका जिना चढायला लागले की दारं उघडायची. दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या ताई म्हणायच्या, "काका, वर जाताच आहात तर एवढी कापडं तिसऱ्या मजल्यावर द्याल?" तिसऱ्या मजल्यावरचे विमावाले म्हणायचे, "काका, खाली जाताच आहात तर हा कचऱ्याचा डबा." सेक्रेटरी म्हणून काकांना नाही म्हणता येईना. दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की आपण सेक्रेटरी राहिलो नसून लिफ्ट झालो आहोत.

आणि अप्पा? अप्पांनी पहिल्या दिवशी टोपी घातली, दारापर्यंत गेले, सील बघितलं आणि परत येऊन बसले. टोपी तशीच डोक्यावर.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरून मास्तरांची हाक आली. धापा टाकत, पण खणखणीत. "अप्पाऽऽ! वजिरापुढचं प्यादं दोन घरं!"

अप्पांना नीट ऐकू गेलं नाही, पण विमावाल्यांना गेलं. त्यांनी ते वर कळवलं. अप्पांनी आपला पट दारात मांडला, उत्तर दिलं, विमावाल्यांनी ते ताईंना सांगितलं, ताईंनी शिवणयंत्र थांबवून खाली ओरडून मास्तरांना. अशा रीतीने जिन्यातून डाव सुरू झाला. पण निरोप पोचवायचा म्हणजे नुसता पोचवायचा, हे आपल्या लोकांना जमतं का? ताई म्हणायच्या, "मास्तरांनी घोडा काढलाय. पण अप्पांना म्हणावं, तो मारू नका, मास्तरांचा आवाज फार गोड येतोय." विमावाले त्यात भर घालायचे, "अप्पा, या खेळीत जोखीम आहे. मी तुमच्या जागी असतो तर उंट सुरक्षित ठेवला असता." एक खेळी वर जाऊन खाली येईपर्यंत तिला इतके सल्ले चिकटायचे, की मास्तर ओरडायचे, "अहो, पण अप्पा काय म्हणतायत?"

काका हे सगळं कठड्याला टेकून बघत होते. त्यांना वेगळीच शंका. "मास्तर खालचा पट मध्येच बदलत असतील तर? तू जाऊन बघून ये," असं त्यांनी काकूंना सांगितलं.

"मी चार मजले उतरून प्यादी मोजायला जाऊ?" काकू म्हणाल्या. "माझ्या डोक्यावर परिणाम झालेला नाही अजून."

तीन दिवसांनी डाव थांबला. मास्तरांना ओरडून ओरडून दमा वाढला, डॉक्टरांनी बोलणं बंद केलं. अप्पा पट समोर ठेवून बसून राहिले. जेवताना बोलेनात. काकांनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" तर म्हणाले, "बरं वाटायला खाली जावं लागतं."

हे काकांना लागलं. म्हणजे दाखवलं नाही, पण लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विमावाल्यांना गाठलं. अप्पांना खुर्चीत बसवून दोघांनी खाली न्यायचं ठरलं. खुर्ची काकांनी तीनदा हलवून बघितली, विमावाल्यांचे दंडही दाबून बघितले. निघाले. पहिल्या वळणावर खुर्ची अडली. तिचे हात रुंद, जिना अरुंद. काका म्हणाले तिरकी करा, विमावाले म्हणाले उचला, अप्पा म्हणाले मला आधी खाली ठेवा. तेवढ्यात विमावाल्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी आपली बाजू टेकवली.

"काका, वाईट वाटून घेऊ नका, पण अशा प्रकारे नेताना अप्पांना काही झालं, तर ते कुठल्याच पॉलिसीत बसत नाही. आणि आपण दोघं जबाबदार."

"म्हणजे आता?"

"आता नाही म्हणून चालणार नाही, आणि हो म्हणूनही चालणार नाही."

अप्पा अर्ध्या जिन्यात, राजासारखे, खुर्चीत. ताईंनी खालून वर येऊन त्यांना पाणी दिलं. मास्तर खालून मान वर करून बघत होते. बोलायला बंदी, म्हणून नुसता हात हलवत होते. अप्पांनीही हात हलवला. मग खुर्ची आली तशी वर गेली. अप्पांनी घरात गेल्यावर टोपी काढून खुंटीला लावली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

काकांनी आता सगळं लक्ष गुन्हेगारावर केंद्रित केलं. एकदा तो सापडला की निरीक्षक बाई सील काढतील, असं त्यांच्या मनाने घेतलं. बाईंनी तसं काही म्हटलं नव्हतं, पण बाईंवर कुणाचा विश्वास! पट्टी कापडाची होती, म्हणजे ताई. बरोबर? त्यांनी ताईंना आडून विचारलं, "तुमच्याकडच्या चिंध्या तुम्ही कुठे टाकता?" ताईंनी सरळ उत्तर दिलं, "तुमच्या डोक्यावर टाकू का?" मग विमावाल्यांचा नंबर. अपघात झाला तर विमा खपतो, म्हणजे हेतू होता. हे ऐकून विमावाल्यांनी दार लावून घेतलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज मुद्दाम मोठा केला. शेवटी काका पुन्हा लिफ्टवाल्याशी येऊन थांबले. खटका नादुरुस्त, तो बदलायचा कंटाळा, म्हणून पट्टी! किती सोपं.

"मला नाही वाटत," काकू भाजी निवडताना म्हणाल्या. "कंटाळा आलेला माणूस इतक्या निगुतीने गाठ मारत नाही. ज्याला रोज जायचं असेल, त्याने मारली असणार."

"तुला गुन्हेगारांची मानसिकता कळत नाही."

"नाही बाई. मला आपली घरातल्या माणसांची कळते."

काका तिकडे लक्ष न देता उद्या काय बोलायचं त्याची तयारी करत बसले.

ठरलेल्या दिवशी निरीक्षक बाई आल्या. इमारत सगळी तळमजल्यावर लिफ्टसमोर. मास्तर खुर्चीत, ताई बोटात सुईदोरा तसाच, विमावाले काकांपासून दोन हात लांब. लिफ्टवाला नवा खटका बसवून, हात पुसत उभा होता; पण हात कोरडे झाले तरी पुसतच होता. बाईंनी तपासणीपुरतं सील उघडून खटका तपासला. जाळी लावली, लिफ्ट चालली. जाळी बोटभर उघडी ठेवली, लिफ्ट हलली नाही. पुन्हा केलं, पुन्हा नाही.

"हे उत्तम," बाई म्हणाल्या. "आता पट्टीचं."

काका घसा खाकरून पुढे झाले. "मॅडम, सेक्रेटरी या नात्याने माझी चौकशी पूर्ण झाली आहे. हा मनुष्य दर महिन्याला येतो. लिफ्ट उघडण्याची किल्ली याच्याकडे. खटका बिघडला तर बदलण्याचं काम याचं. हे टाळण्यासाठी..."

"साहेब, माझी मुलं शाळेत आहेत हो," लिफ्टवाला म्हणाला. "परवाना गेला तर मी काय करू? तुम्ही मला कधी गाठ मारताना बघितलंत?"

"म्हणजे कुणी बघणार नाही अशा वेळी मारलीस!"

"थांब," वरून आवाज आला.

सगळ्यांनी माना वर केल्या. वरच्या वळणावर दोन पाय दिसले. मग पायरीवर टेकलेले दोन हात. मग अप्पा. ते उभे नव्हते. बसून, एकेक पायरी सरकत, लहान पोरासारखे खाली येत होते. चार मजले असेच आले होते म्हणायचे! पायजमा धुळीने माखलेला, कपाळ घामाने भिजलेलं, टोपी मात्र सरळ. मागे काकू, त्यांच्या काखेत हात घालायला तयार, पण अप्पा घालू देत नव्हते.

"अप्पा!" काका ओरडले. ते धावले. "अहो, पडला असतात! सांगायचं नाही का?"

"सांगतोय ना आता," अप्पा शेवटच्या पायरीवर बसून म्हणाले. त्यांना दम घेऊ दिला. मग त्यांनी निरीक्षक बाईंकडे बघितलं. "बाई, गाठ माझी आहे. जुन्या उशीच्या अभ्र्याची पट्टी. याला सोडा."

लिफ्टवाल्याने हात पुसायचे थांबवले.

"तुम्ही?" बाई म्हणाल्या. "का?"

"खटका सैल झाला होता. जाळी लावली तरी लागली नाही असं लिफ्टला वाटायचं. मधेच थांबायची. दोनदा अडकलो मी आत, दोन मजल्यांच्या मध्ये. हाका मारल्या, कुणाला ऐकू गेल्या नाहीत. मग आपणच स्टुलावर चढून बांधला."

"तुम्ही स्टुलावर चढलात?" हे काकू, विमावाले आणि ताई तिघं एकदम म्हणाले.

"कुणाचा हात गेला असता, अप्पा," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

"हो. छत्री बघितली तेव्हा कळलं. त्या दिवसापासून झोप नाही." अप्पांनी हात जोडले. "चुकलो. काय दंड असेल तो मला करा."

लिफ्टवाला खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, खरं सांगतो. मी पट्टी बघितली होती. सोडली असती तर लिफ्ट थांबली असती, मग रोज फोन आले असते. म्हणून बघून न बघितल्यासारखं केलं. बांधली नाही, पण सोडलीही नाही."

बाईंनी दोघांकडे बघितलं. मग लिफ्टवाल्याला कडक ताकीद दिली, परवाना ठेवला, आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला तो खटका त्यांच्यासमोर दाखवायचा असं बजावलं. दंडाचं म्हणाल, तर कायद्याने लिफ्टची जबाबदारी सेक्रेटरीची. तो काकांच्या नावाने आला. विमावाल्यांना खोकल्याची उबळ आली ती बराच वेळ थांबली नाही.

पण काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते अप्पांसमोर उकिडवे बसले होते, त्यांच्या पायजम्याची धूळ झटकत.

"अप्पा, खटका बिघडला हे मला का नाही सांगितलंत? मी सेक्रेटरी होतो. घरातच होतो."

अप्पांनी मुलाकडे बघितलं. रागाने नाही, अजिबात नाही.

"तुला सांगितलं असतं तर तू चौकशी केली असतीस रे," ते म्हणाले. "मला फक्त खाली जायचं होतं."

काकांचा धूळ झटकणारा हात तिथेच थांबला. निरीक्षक बाई लिफ्टचं सील आता कायमचं काढत होत्या. तो आवाजही त्यांना ऐकू आला नसावा. काकूंनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग बाईंना पुन्हा एकदा चहाचं विचारलं. काम संपलं होतं, त्यामुळे बाई या वेळी हो म्हणाल्या.

मास्तर उठले. बोलायला बंदी होती, म्हणून त्यांनी आपल्या दाराकडे नुसतं बोट केलं. आत पट मांडलेला दिसत होता. अप्पांनी एक हात मुलाच्या हातात दिला, एक लिफ्टवाल्याच्या, आणि लंगडत आत गेले.

काका दारात उभे राहिले. आत दोघे म्हातारे समोरासमोर बसले. डाव किती वेळ चालेल, मास्तरांना दमा आहे तर खिडकी बंद का, पटावर मास्तरांचा एक हत्ती जास्त कसा दिसतोय, असं बरंच काही काकांच्या ओठांवर आलं.

त्यांनी काहीच विचारलं नाही. चप्पल काढली आणि आत जाऊन अप्पांच्या शेजारी बसले.